डर्ट ट्रॅकवरचे फोटो : आधी ऊन, मग वारा, कॅमेरा शेवटी

रविवारी शर्यत झाली की सोमवारी सकाळपासून माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. "दादा, बघा ना, कुठे चुकलं?" उघडण्याआधीच अंदाज असतो. हेल्मेटच्या आत मिट्ट काळोख, मागे पांढरंफटक आभाळ. नाहीतर धुरळ्यात अर्धी बुडालेली बाईक आणि फोकस पुढच्या ढेकळावर. नाहीतर गाडी इतकी गोठलेली की सर्व्हिसिंगला लावली आहे असं वाटावं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "सेटिंग काय ठेवायचं?"

सेटिंगचा नंबर या कामात चौथा-पाचवा लागतो. पोरं सुरुवात तिथून करतात, जागा शेवटी मिळेल ती घेतात, आणि मग दिवसभर चुकीच्या जागेवर उभं राहून बरोबर सेटिंग शोधत बसतात. खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. नाशिकच्या आसपास मोकळ्या मैदानावर होणाऱ्या मोटोक्रॉस (बाईकच्या) आणि ऑटोक्रॉस (मोटारींच्या) शर्यती, आणि कच्च्या रस्त्यावरच्या रॅली स्टेज, म्हणजे रॅलीचे वेळ मोजले जाणारे टप्पे, डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, फारसा फरक पडत नाही.

## १. आदल्या दिवशी: सावलीचा हिशेब आणि बॅग

नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे इथलं ऊन महिन्यागणिक फार वेगळं वागतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४६-४७ अंश चढतो. म्हणजे तुमची सावली दिवसभरात कधीच तुमच्या उंचीपेक्षा फारशी लहान होत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७४ च्या अलीकडे, म्हणून हा अर्ध्या तासाचा फरक.

याचा उपयोग असा. मोटोक्रॉसच्या हेल्मेटला पुढे छज्जा असतो. सावली उंचीपेक्षा लहान झाली की त्या छज्ज्याखाली रायडरचे डोळे काळे येणार, मग कॅमेरा दोन लाखांचा असला तरी. मे महिन्यात ही वेळ साधारण सकाळी सव्वानऊ ते दुपारी पावणेचार. तेवढ्या वेळात चेहऱ्याच्या मागे लागू नका. पॅनिंग करा (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत काढायचं, म्हणजे गाडी धारदार आणि मागचं वाहतं येतं), उडणारी माती टिपा, पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, शामियान्याखाली मेकॅनिकचे आणि रायडरचे फोटो काढा. शामियान्याच्या कडेला, ऊन अंगावर न येता उजेड पोचेल अशा जागी, भर दुपारीही चेहरे छान येतात. डिसेंबर-जानेवारीत असं वेळापत्रक लागत नाही, दिवसभर काम करता येतं.

वेळापत्रक मिळालं असेल तर प्रत्येक हीटपुढे, म्हणजे फायनलआधीच्या फेरीपुढे, पेन्सिलने लिहून ठेवा: सावली लांब की आखूड. फायनल बहुतेक वेळा संध्याकाळकडे ढकलली जाते, आणि सूर्य तोवर ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. सकाळी निवडलेली जागा संध्याकाळी चालत नाही ती यामुळे.

बॅगेत: दोन बॅटऱ्या पूर्ण चार्ज केलेल्या, दोन कार्डं रिकामी करून कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेली, हवेचा ब्लोअर, मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड, जुना टॉवेल, शॉवर कॅप. शॉवर कॅप हसण्यावारी नेऊ नका; हीट संपली की कॅमेऱ्यावर चढवायची, धूळ आत जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि निदान दोन लिटर पाणी.

सावध: लेन्स घरूनच लावून न्या आणि मैदानावर बदलू नका. काळ्या मातीचा फुफाटा पिठासारखा असतो. सेन्सरवर एकदा बसला की त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत आभाळात ठिपके. दोन लेन्स हव्याच असतील तर दोन बॉडी न्या, मित्राची मागून आणा. एकच असेल तर ७०-२०० किंवा ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स लावा आणि दिवस त्यावर काढा.

## २. पोचल्यावर पहिला अर्धा तास: कॅमेरा बॅगेतच

हा टप्पा सगळे गाळतात. ट्रॅकभोवती एक पूर्ण फेरी चालत मारा, हात मोकळे ठेवून. कॅमेरा गळ्यात असला की माणूस बघत नाही, लगेच काढायला लागतो.

आधी आयोजकांकडे आणि मार्शलकडे जा. कुठे उभं राहायला परवानगी आहे, कुठे नाही, ते स्पष्ट विचारून घ्या. "टेपच्या आत नको, साहेब" असं मार्शलने सांगितलं की विषय संपला. तो तुमच्या फोटोचा वैरी नाही; काही झालं तर धावत येणारा पहिला माणूस तोच असतो.

मग वारा. चिमूटभर माती कमरेच्या उंचीवरून सोडा आणि कुठे जाते ते बघा. तीन-चार ठिकाणी करा, कारण टेकाडाच्या आडोशाला वारा वळतो.

माझी एक अख्खी फायनल या चिमूटभर मातीपायी गेली आहे. टेबलटॉप उडीच्या (वरून सपाट असलेल्या मातीच्या उंचवट्याच्या) पलीकडे झक्कास जागा मिळाली होती, ऊन बाजूने, मागे डोंगराची निळसर रेघ. सरावाच्या वेळी ट्रॅक नुकताच भिजवलेला, म्हणून सगळं स्वच्छ दिसलं. फायनल सुटली, पहिला रायडर छान आला आणि त्याच्यामागून आलेला सगळा धुरळा माझ्या तोंडावर. दुसऱ्या क्रमांकापासून पुढे कोण होतं ते मला निकाल लागल्यावर कळलं. दोनशेहून जास्त फ्रेम, त्यातल्या चार कामाच्या. मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा होतो, एवढंच.

तिसरं, टँकर. पाण्याचा टँकर कधी फिरतो आणि कुठपर्यंत पोचतो, हे टँकरवाल्यालाच विचारा. एकाने मला सांगितलं होतं, "दोन हीट झाल्या की परत मारतो भाऊ, पण त्या खालच्या वळणाला पाइप पोचत नाही." एवढ्या एका वाक्यात दिवसाचा नकाशा मिळाला: खालचं वळण कायम धुळीचं, वरचा भाग टँकरनंतर थोडा वेळ स्वच्छ. पाणी मारल्यावर माती गडद होते, बाईकचे रंग उठून दिसतात आणि टायरमागे धुरळ्याऐवजी ढेकळं उडतात. ती वेळ वाया घालवू नका.

चौथं, गाडी कुठे काय करते. कुठे ब्रेक लागतो, कुठे पुढचं चाक उचललं जातं, कुठे रायडर मान वळवून पुढच्या वळणाकडे बघतो. सरावाच्या दोन फेऱ्या नुसत्या डोळ्यांनी बघा.

सावध: वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका. घसरलेली गाडी बाहेरच जाते. उडीच्या लँडिंगच्या सरळ रेषेत नको, गाडी थांबवायला ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्यात नको. रॅलीत झिरो कार (स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासत जाणारी आयोजकांची गाडी) गेल्यानंतर स्टेज ओलांडायची नाही, कितीही रिकामी दिसली तरी. कानात इअरफोन नको. मार्शलची शिट्टी आणि इंजिनचा आवाज हेच तुमचे मागचे डोळे.

तपासा: पाय लावून पळता येईल असा मागचा रस्ता मोकळा आहे का? मागे खड्डा, तार किंवा दुसऱ्याची ट्रायपॉड असेल तर जागा बदला. मातीवर पालथं झोपून काढलेला फोटो भारी दिसतो, पण झोपलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो.

## ३. जागा ठरवा: ऊन, वारा, मग पार्श्वभूमी

आता निवड. सकाळी ऊन तिरपं असताना ते रायडरच्या बाजूने किंवा थोडं समोरून पडेल अशी बाजू घ्या. वारा तुमच्या पाठीमागून ट्रॅककडे जात असेल तर सोन्याहून पिवळं.

पण ऊन एका बाजूला बोलावतं आणि वारा दुसऱ्या, असं निम्म्या वेळा होतं. तेव्हा कोणाचं ऐकायचं? माझा नियम: चारच्या आधी वाऱ्याचं, चारनंतर उन्हाचं. दुपारच्या धुरळ्यावर वरून ऊन पडलं की तो नुसता मळकट पडदा होतो, त्यात काही दिसत नाही. तोच धुरळा संध्याकाळी सूर्य समोर असताना पेटतो. बाईकच्या आणि रायडरच्या कडांना उजेडाची रेघ येते आणि पडदाच फोटो होतो. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या सुमारास, डिसेंबरात सहाच्या सुमारास. त्याआधीचा सव्वा तास समोरच्या उन्हासाठी राखून ठेवा.

पार्श्वभूमी गडद शोधा. समोरच्या उन्हात धुरळा उठून दिसायला मागे काळपट काहीतरी लागतं: झाडी, टेकडीची सावलीतली बाजू. त्र्यंबक रस्त्याकडच्या भागात संध्याकाळी डोंगरांच्या पूर्वेकडच्या उतारांवर लवकर सावली उतरते, ती पार्श्वभूमी फुकटची मिळते. मागे उभ्या केलेल्या पांढऱ्या गाड्या, फ्लेक्स आणि पोर्टेबल टॉयलेट हे मात्र दिवसभर तिथेच राहणार. दोन पावलं सरकून किंवा गुडघ्यावर बसून ते कडेला जातात का बघा.

रॅलीत झाडाखालून रस्ता जातो तिथे उन्हाचे कवडसे पडतात, आणि हा सर्वांत फसवा उजेड. गाडीचं बॉनेट उन्हात, दार सावलीत, काच अर्धी-अर्धी. कॅमेऱ्यातलं कुठलंही मोड यातून वाट काढत नाही. दोनच मार्ग आहेत. एक, पूर्ण सावलीचा तुकडा शोधा आणि पार्श्वभूमीही सावलीतलीच घ्या. दुसरा, जो जास्त मजेचा आहे: गाडीएवढा मोठा एकच कवडसा शोधा, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) फक्त त्याच्यासाठी ठरवा, फोकस तिथेच मारून ठेवा आणि बाकी सगळं काळं पडू द्या. गाडी अंधारातून येते, त्या तुकड्यात क्षणभर उजळते, परत अंधारात जाते. एका गाडीला एकच बर्स्ट, म्हणजे बटण दाबून सलग काढलेल्या फोटोंची एकच माळ, मिळते. कवडसा सरकत असतो हे विसरू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी जागा परत बघा.

तपासा, दुपारी अकरानंतर: फोकस बरोबर असूनही फोटो मऊ, विरघळल्यासारखे येतात का? ट्रॅकपलीकडच्या एखाद्या स्थिर ड्रमचे किंवा टायरच्या ढिगाचे पाच फोटो सलग काढा. प्रत्येकाची धार वेगवेगळी आली तर लेन्स ठीक आहे, हवा थरथरते आहे. तापलेल्या मुरुमावरून वर येणाऱ्या हवेतून लांबचं काढताना मृगजळासारखंच होतं. यावर १/४००० शटरही उपाय नाही. जवळ जा, उंचावर जा, किंवा टँकरची वाट बघा. या कारणाने चांगली लेन्स विकून मोकळे झालेले दोघे मला माहीत आहेत.

## ४. शटर: गोठवायचं की वाहू द्यायचं

आता कुठे कॅमेरा बाहेर. प्रत्येक जागेवर आधी ठरवा की वेग गोठवायचा आहे की दाखवायचा. दोन्ही एकदम मिळत नाही.

साधा हिशेब. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला २० मीटर. १/१००० शटरमध्ये, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, ती २ सेंटिमीटर सरकते आणि साठ सेंटिमीटर व्यासाचं चाक जेमतेम ४ अंश फिरतं. म्हणून चाक थांबल्यासारखं दिसतं. १/१२५ ला तेच चाक ३० अंश फिरतं, आणि आरे विरघळतात. १/६० ला साठ अंशांच्या वर.

उडी: १/१२५० ते १/२०००. हवेत बाईक आहे हेच वेग सांगतं, मागचं चाक थोडं गोठलं तरी चालतं. वळणावर उडणारी माती: १/८०० ते १/१२५०, नाहीतर ढेकळांच्या रेघा होतात. बाजूने जाणारी गाडी, पॅनिंग: १/१२५ पासून खाली. समोरून येणारी गाडी: १/५०० च्या आसपास, समोरून चाकाचे आरे तसेही दिसत नाहीत.

भर उन्हात पॅनिंगला एक अडचण येते आणि तिथे बरेच जण अडकतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, १/६० शटरला कडक उन्हात ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ २० च्या आसपास जातो. एवढं बारीक भोक केलं की फोटो एकूणच मऊ होतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक कण आभाळात काळा ठिपका होऊन उमटतो. उपाय म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची काळपट काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), दुकानात एनडी ८ म्हणून मिळतो. तो लावला की त्याच शटरला एफ ७.१ मिळतो. एनडी नसेल तर पोलरायझर लावा, दीड ते दोन स्टॉप तोही खातो.

सावध: मिररलेस कॅमेरा असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल ठेवा. बहुतेक बॉडींमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरने चाकं अंडाकृती होतात आणि पॅनिंगमध्ये मागचे खांब तिरके पडतात. "गाडी वाकडी का दिसते?" या प्रश्नाचं उत्तर दहात नऊ वेळा हेच असतं.

## ५. एक्स्पोजर: मीटरला मातीचा रंग कळत नाही

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. आपल्याकडच्या ट्रॅकवर तो दोन्ही बाजूंनी फसतो. फ्रेम काळ्या मातीने भरली असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि रायडरची पांढरी जर्सी जळते. माती ओली असेल तर आणखी जास्त. उडीच्या वेळी उलट: मागे आभाळ आलं की त्याला वाटतं फार उजेड आहे, तो कमी करतो, आणि हवेतल्या रायडरची नुसती काळी आकृती उरते. एकाच फेरीत, एकाच बाईकचे, दोन सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो असे उलटसुलट येतात. ऊन बदललेलं नसतं, मागचं दृश्य बदललेलं असतं.

म्हणून आभाळ निरभ्र असेल तर पूर्ण मॅन्युअल. घाबरायचं कारण नाही, कडक ऊन तासन्‌तास तेवढंच राहतं. सुरुवात अशी करा: आयएसओ २००, एफ ५.६, १/१६००. मग स्वतःचा तळहात, ज्या उन्हात रायडर येणार त्याच उन्हात आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा, फ्रेम त्याने भरा. मीटर अर्धा ते एक स्टॉप प्लस दाखवेल असं सेट करा. आता समोर काळी माती येवो की आभाळ, जर्सी तशीच येईल.

एक चाचणी फोटो काढा आणि हायलाइटची लुकलुक बघा, म्हणजे पडद्यावर जळलेला पांढरा भाग लुकलुकतो ती. हेल्मेटवरच्या चमकीत लुकलुक होणारच, तिकडे दुर्लक्ष करा. जर्सीवर किंवा नंबर प्लेटवर लुकलुक असेल तर एक तृतीयांश, गरज पडली तर दोन तृतीयांश स्टॉप खाली या. सावल्या रॉ फाइलमधून (सेन्सरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) वर काढता येतात. जळलेला पांढरा परत येत नाही. आणि हो, रॉमध्येच काढा. बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) लवकर भरतो म्हणून जेपेग काढणारे या उजेडात शेवटी पस्तावतात.

ढग येत-जात असतील तर शटर आणि ॲपर्चर हाताने ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० घाला. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक अंगठ्याखाली ठेवा: फ्रेममध्ये आभाळ जास्त असेल तर प्लस १, काळी माती जास्त असेल तर उणे दोन तृतीयांश.

समोरच्या उन्हात, पेटलेल्या धुरळ्यात, तळहाताची युक्ती चालत नाही. तिथे एक्स्पोजर धुरळ्यासाठी ठरवायचं. धुरळ्याचा सर्वांत उजळ भाग जळणार नाही इतपत खाली या आणि रायडर काळपट पडू द्या. इथे चेहरा दिसावा असा हट्ट धरला की धुरळा पांढरा होतो आणि सगळी मजा जाते. लेन्सचं हूड लावा, वरून हाताची किंवा टोपीची सावली धरा आणि समोरची काच पुसून घ्या. बोटाचा ठसा समोरच्या उन्हात सगळ्या फोटोभर पसरतो.

तपासा: टेकडीची किंवा झाडाची सावली ट्रॅकवर सरकत आली का? मॅन्युअलवर काम करणाऱ्याची ही नेहमीची चूक. सकाळचं सेटिंग संध्याकाळी तसंच राहतं आणि चाळीस फोटो अंधारात गेल्यावर लक्षात येतं. प्रत्येक हीटआधी परत तळहात.

## ६. फोकस: धुरळ्याकडे धावू देऊ नका

सतत फोकसचं मोड लावा. कॅनॉनवर त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. सगळे पॉइंट चालू ठेवू नका, मधला छोटा झोन पुरे. फोकस मागच्या बटणावर न्या आणि शटरच्या बटणावरून काढून टाका. दोन दिवस बोट चुकतं, मग सवय होते.

खरा फायदा एका सेटिंगमध्ये आहे आणि ते फारसं कोणी उघडत नाही: ट्रॅकिंगची संवेदनशीलता. ती जास्त असेल तर मध्ये आलेल्या ढेकळावर, टेपवर किंवा धुरळ्यावर कॅमेरा उडी मारतो. कमी करा. कॅनॉनच्या बऱ्याच बॉडींमध्ये केस २ निवडा, सोनीवर मूल्य १ कडे न्या, निकॉनवर लॉक-ऑन ५ कडे, म्हणजे उशिरा प्रतिसाद.

धुरळा फारच असेल तर ऑटो फोकस सोडून द्या. उडीच्या माथ्यावरची माती किंवा वळणाच्या कडेचा दगड, तिथे फोकस मारून मॅन्युअलवर लॉक करा, एफ ८ ठेवा आणि गाडी तिथे येण्याच्या जरा आधी बर्स्ट सुरू करा.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन पॅनिंगला मोड २ वर, निकॉनवर स्पोर्ट. १/१००० च्या वर ते बंद असलं तरी बिघडत नाही.

## ७. पॅनिंगचा सराव: शर्यतीआधी आठवडाभर

पॅनिंग शर्यतीच्या दिवशी शिकायला जाऊ नका. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी पळणारी माणसं असतात, संध्याकाळी कॉलेज रोडला फूटपाथवरून दुचाकी मिळतात. फोटो ठेवायचे नाहीत, लोकांना त्रास नको. फक्त हात बसवायचा.

पाय जिथे क्लिक होणार त्या दिशेला रोवा. मग कमरेतून वळून गाडी जिथून येते तिकडे जा. कोपर बरगड्यांना चिकटलेले. गाडी लांब असतानाच फ्रेममध्ये पकडा, तिच्या वेगाने वळत या, शटर हळूच दाबा, आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. क्लिकसरशी हात थांबतो, ही सर्वांत जास्त होणारी चूक. फ्रेममधला एक ठिपका, नंबर प्लेट किंवा गुडघा, कायम एकाच पॉइंटखाली राहतोय का ते बघत राहा.

१/२५० ने सुरू करा. दहातले सहा धारदार आले की १/१६०, मग १/१२५, मग १/८०. १/६० ला मला आजही दहात एखादाच मिळतो. तेवढ्याने निराश होऊन परत १/५०० वर जाऊ नका.

## ८. शर्यत सुरू

सुटण्याचा आणि पहिल्या वळणाचा फोटो एकदाच मिळतो, तेव्हा सगळे एकत्र असतात आणि पुढच्या एक-दोन रांगाच स्वच्छ दिसतात. तिथे १/१२५० आणि थोडी मोकळी फ्रेम. पहिल्या दोन फेऱ्या गोठवलेले, सुरक्षित फोटो काढून घ्या. प्रत्येक रायडरचा निदान एक, नंबर वाचता येईल असा. ते झाल्यावरच पॅनिंग आणि प्रयोग. उलट क्रमाने गेलात आणि पाचव्या फेरीत कोणी पडून शर्यत थांबली, तर हातात काहीच नाही.

बर्स्ट लांब नको. पाच-सात फ्रेम, सोडा, परत. बोट दाबून धरलं की बफर भरतो आणि नेमका ओव्हरटेक होताना कॅमेरा गप्प बसतो. पडद्यावर फोटो बघायचे ते दोन हीटच्या मध्ये. कोणी पडलं तर आधी बाजूला व्हा, वाट मोकळी करा; फ्लॅश कधीच रायडरच्या डोळ्यांवर नको.

## ९. पावसाळी शर्यत असेल तर

उजेड सपाट, हेल्मेटखालचे डोळे दिसतात, धुरळा नाही. मला तर हेच ऊन आवडतं, ऊन नसलेलं. दाट ढगांखाली कडक उन्हापेक्षा चार स्टॉपपर्यंत उजेड कमी असतो: आयएसओ १६००, एफ ५.६, १/८०० पासून सुरुवात करा. फोटोतलं राखाडी आभाळ कापून टाका, वरून खाली काढा, चिखल आणि पाणी भरू द्या. ऑटोक्रॉसच्या काचेवरची आणि ओल्या चिखलावरची चमक पोलरायझरने उतरते, पण उजेड खातो, म्हणून पाऊस पडत असताना काढून ठेवा.

सावध: एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. पुसून उपयोग नसतो, परत धरते.

## १०. घरी आल्यावर

आधी कार्ड कॉपी करा, दोन ठिकाणी, मगच जेवण. निवडताना पहिल्या चाळणीत फक्त हेल्मेट किंवा नंबर प्लेट धारदार आहे का एवढंच बघा, बाकी काही नाही. मग क्षितिज सरळ करा, पण उडीचे फोटो सरळ करताना बाईक आपसूक सपाट होत नाही ना तेही बघा. आधी एक्स्पोजर, मग व्हाइट बॅलन्स. संध्याकाळचा सोनेरीपणा ऑटो व्हाइट बॅलन्स धुऊन टाकतो, तो हाताने परत आणा. सावल्या थोड्या उचला. डीहेझचा (धूसरपणा कापणारा) पट्टा मात्र धुरळ्यावर जपून. वीसच्या पुढे नेला की माती राखेसारखी दिसते आणि रायडरची कातडी काळवंडते.

रायडरला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखे पाठवले की ते दाबून जातात, मग तो मोठा प्रिंट काढतो आणि बोल तुम्हाला लागतो.

शेवटी ब्लोअर. बॉडीवरची आणि लेन्सच्या कडांतली माती आधी हवेने उडवा, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. धुळीवर कापड फिरवलं की काचेवर ओरखडे. लेन्स काढायची ती दुसऱ्या दिवशी, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. आणि बॅग रिकामी करून गच्चीत उलटी झटका, नाहीतर पुढच्या रविवारी तीच माती परत सेन्सरवर.